सात नंबरचा दम

रूपरावांनी वरणाची तारीफ केली, तेव्हाच देवकाबाईंनी ओळखलं की माणूस काहीतरी मागायला बसला आहे. तेहतीस वर्षांच्या संसारात त्यांनी वरण चांगलं म्हटल्याचे प्रसंग दोनच. एकदा न विचारता दारची गाय भावाला देऊन टाकली होती तेव्हा, आणि एकदा बहिणीला बाळंतपणाला घरी आणायचं परस्पर ठरवून आले होते तेव्हा. आजचा तिसरा.

देवकाबाईंनी ताटात पोळी टाकली आणि मनाशी मांडणी केली. या माणसाला आता मिळवायचं तरी काय उरलं आहे? येत्या जूनअखेर रिटायर. हिंगणीच्या जनावरांच्या दवाखान्यात चौतीस वर्षं व्रणोपचारक. म्हणजे बैलाच्या खांद्याला मलम लावायचं आणि गाय अडली की डॉक्टरच्या मागं बॅटरी धरून उभं राहायचं. बढतीचं वय गेलं, बदलीची भीतीही गेली. राहता राहिलं नाव. चौतीस वर्षांत सरकारी कागदावर यांचं नाव आलं ते हजेरीपटावर, आणि एकदा नोटिशीत, घोड्यानं लाथ मारून मोडलेल्या खुर्चीबद्दल. तेव्हा काही मागत असतील तर ते नावासाठीच असणार. एवढं जमवून झाल्यावर त्यांनी विचारलं,

“बोला, काय पाह्यजे?”

“तुही थे वाफेची मशीन,” रूपराव ताटाकडे बघत म्हणाले. “दिवसाची घंटाभर. दवाखान्यात.”

“काऊन? बैलाले दमा झाला का?”

“बैलाले नाई. कासवाले.”

देवकाबाईंची पळी वरणातच राहिली.

वाफेची मशीन म्हणजे नेब्युलायझर. मुलीनं, आचलनं, नागपूरहून आणून दिलेला. देवकाबाईंचा दमा वाडवडिलांकडून आलेला नव्हता, स्वकष्टार्जित होता. सेलूच्या एका जिनिंगमध्ये एकोणीस हंगाम त्यांनी कापूस निवडला. सरकी एका बाजूला, रुई दुसऱ्या बाजूला आणि उरलेला बारीक तंतू बायांच्या छातीत, अशी तिथली वाटणी. आता त्या गाव पावलांत मोजत नसत, विसाव्यांत मोजत. पिठाची चक्की एका विसाव्यावर, दवाखाना आणि आठवडी बाजार दोन, टेकावरचं देऊळ चार, म्हणून देवाला घरूनच नमस्कार. सकाळी दहा मिनिटं आणि दुपारी दहा मिनिटं मशीन तोंडाला लावली तर ही अंतरं जागच्या जागी राहत. एखादी वाफ चुकली की गाव लांब जाई.

आणि वाफ चुकवायला कोणी वैरी लागत नव्हता, भारनियमन पुरेसं होतं. त्या हिवाळ्यात, म्हणजे दोन हजार पाच सालच्या आगेमागे, हिंगणीची लाइन दिवसा यायची ती अकरा ते दोन. ते तीन तास म्हणजे गावाचा सगळा दिवस. चक्की तेव्हाच, मोटर तेव्हाच, देवकाबाईंचा श्वासही तेव्हाच. रूपराव मागत होते ते या तीन तासांतलं.

कासवांची गोष्ट अशी होती. कारंजा घाडग्याजवळ हायवेवर एका ढाब्याशी उभ्या ट्रकमध्ये, संत्र्यांच्या पेट्यांखाली, वनखात्याला ओली पोती सापडली. पोत्यांत त्रेचाळीस कासवं. बोरचं धरण आणि जंगल जवळ म्हणून ती हिंगणीला आणली. पोचेपर्यंत बारा गेली. उरलेली एकतीस उचलून धरणात सोडावी, हे कोणालाही सुचलं असतं. पण ती आता कासवं राहिली नव्हती, मुद्देमाल झाली होती. कोर्टाचा हुकूम येईपर्यंत मुद्देमाल सांभाळायचा, एखादा मेला की पंचनामा करायचा. त्यासाठी प्रत्येकाच्या पाठीवर ऑइलपेंटनं नंबर टाकले गेले, आणि वनरक्षक गजेंद्र नेताम रोज येऊन हौदापाशी हजेरी घेऊ लागला. त्याच्या कुळात कासवाला मान. त्यामुळे त्याला ही नोकरीही वाटे आणि घरचं कार्यही.

हौद दवाखान्यामागचा, जनावरांना पाणी पाजायचा. महिनाभरात तिथं कासवांच्या पाठीवर पांढरे ठिपके आले, ठिपक्यांचे चट्टे झाले, आणि चट्ट्यांखालचं कवच नखानं टोकरलं तर भिजल्या पुठ्ठ्यासारखं निघू लागलं. बुरशी. नव्या डॉक्टरीणबाई, डॉ. रीना, यांनी घासून औषध लावून पाहिलं, वाळवून पाहिलं, मग नागपूरच्या आपल्या सरांना फोन केला. सर म्हणाले, कासवाचं फुफ्फुस पाठीच्या कवचाला आतून चिकटून असतं. वरची बुरशी खोल गेली की थेट त्यातच उतरते. वरून मलम चालू ठेवा, पण आतून औषध श्वासातून द्या. औषध पाठवलं त्यांनी. त्याची वाफ करणारं यंत्र मात्र दवाखान्यात नव्हतं. तेव्हा रूपरावांच्या तोंडून गेलं, “हाये एका घरी.” कोणाच्या घरी, हे सांगायला त्यांना दोन दिवस लागले आणि वरण लागलं.

देवकाबाईंनी मशीन दिली. अट घातली: अकराची वाफ माझी, पावणेदोनची वाफ माझी, मधला वेळ कासवांचा. डॉ. रीनांनी वेगळी नळी, वेगळी वाटी आणली आणि देवकाबाईंनी तिला ओळखीसाठी लाल दोरा बांधला. इतका उदारपणा का, असं शेजारणीनं विचारलं तर त्या म्हणाल्या की तेहतीस वर्षांत या माणसानं पहिल्यांदा माझं काही मागून नेलं. एरवी सांगून नेतो.

आठ दिवस गेले. त्यात चार कासवं गेली. नवव्या दिवशी पावणेदोन झाले तरी मशीन घरी आली नाही, तेव्हा देवकाबाई पदर खोचून निघाल्या आणि दोन विसाव्यांत दवाखान्यात पोचल्या.

आत थर्माकोलच्या पेटीत कासव ठेवलेलं, वर काच, पेटीला भोक, भोकात नळी, आणि मशीन घरघरत होती. पाठीवर सात नंबर. थोराड कासव होतं, पण अर्धी पाठ पांढरी झालेली. देवकाबाई धापा टाकत स्टुलावर टेकल्या. बोलायला दम नव्हता म्हणून नुसत्या बघत बसल्या. आणि बोलता येत नसलं की माणसाला पुष्कळ दिसतं. त्यांना आधी दिसली ती पाठ. बोंड फुटावं तसा कवचाच्या भेगांतून कापूस फुटला होता. माझ्या आत आहे तो याच्या बाहेर आहे, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी त्याचा गळा पाहिला. गळा हलत नव्हता.

डॉ. रीनांनी घड्याळ पाहून मशीन बंद केली. दहा मिनिटं पूर्ण, म्हणाल्या.

“कोनाची दहा मिनटं?” देवकाबाईंनी विचारलं.

“म्हणजे, काकू?”

“माही दहा मिनटं हायेत थे. त्याची नाईत. त्यानं एक घोट घेतला नाई वाफेचा. दम धरून बसला हाये थो.”

रूपराव म्हणाले, डॉक्टरसमोर उगाच काही बोलू नको, जरा दम धर. देवकाबाई म्हणाल्या, दोघांनी धरून कसं चालेल.

मग त्यांनी सांगितलं ते असं. जिनिंगमध्ये कापसाची गंजी ढासळली की तंतूचा लोट उठायचा. नवी बाई खोकत पळायची; जुनी बाई जागचं न हलता श्वास कोंडायची, लोट निवेपर्यंत. वास ओळखीचा नाही, हवा ओळखीची नाही, की तोंड मिटायचं. हे कासव तेच करतं आहे. पेटीत ठेवलं की ते घाबरतं, डोकं आत घेतं आणि तुमची दहा मिनिटं संपायची वाट बघतं. त्याला घाई नाही. घाई लाइनीला आहे.

डॉ. रीनांनी वाकून काचेतून कासवाचा गळा पाहिला. शिकलेली बाई होती, पण चांगली शिकलेली. दुसऱ्याचं खरं असलं की तिला कळत असे. त्यांनी एकच विचारलं, “मग ते श्वास घेणार कधी?”

“आपन कधी घेतो? बुडून वर आल्यावर.”

दुसऱ्या दिवशी गजेंद्रनं जुनी लोखंडी जाळी आणली. टबात कोमट पाणी, पाण्याखाली दोन बोटं ती जाळी दगडांनी दाबलेली, जाळीत मधोमध कासवाचं डोकं निघेल एवढं एकच भोक. त्या भोकावर पाण्याला टेकवून पालथं मडकं, मडक्याच्या बुडाला छिद्र आणि छिद्रात लाल दोऱ्याची नळी. शेजारी, मडक्याच्या पोटाला पाडलेल्या झरोक्यातून आत बघत, स्टुलावर देवकाबाई. कासव पाण्यात आपल्या मर्जीनं खुशाल बसायचं. पण दम संपला की वर यायचं ते त्या भोकातूनच. नाक वर आलं की देवकाबाई बटण दाबत, मडकं वाफेनं भरे आणि बुडून आलेला जीव चार-पाच मोठे श्वास ओढून घेई. त्याला नको म्हणायला सवडच नसे. पालथ्या घड्यावर पाणी म्हणून गावानं आधी हसून घेतलं. इथं घडा पालथा होता, पण पाण्यावर होता. म्हणीत हा प्रकार नव्हता.

पहिल्यांदा सात नंबर वर आला तो वीस मिनिटांनी. काळं, ओलं, चिंचोक्याएवढं नाक. त्यानं फुस्स करून जुना श्वास टाकला आणि नवा घेतला, तो वाफेचा. डॉ. रीनांनी टाळी वाजवली. देवकाबाईंनी त्यांना गप्प केलं. पाव्हणा जेवताना कोणी टाळ्या वाजवतं का.

पंधरा दिवसांत चट्ट्यांच्या कडा सुकल्या. महिन्यात खालून नवं, तपकिरी, घट्ट कवच दिसू लागलं. या मुदतीत तीन कासवं गेली, ती आधीच फार पोखरलेली, चोवीस राहिली. देवकाबाईंना चोवीसांचे चोवीस दम तोंडपाठ झाले. चार नंबर नऊ मिनिटांचा, उतावळा. अकरा नंबर बारा मिनिटं, पण वर येऊन नाक लगेच बुडवतो, लबाड आहे. सात नंबर वीस मिनिटं, एक कमी नाही की एक जास्त नाही. माणूस असता तर पोस्टात लागला असता. गजेंद्र हजेरी घ्यायला यायचा तो आता त्यांनाच विचारायचा, आणि त्या आकडा सांगून वर त्यालाही टोमणा मारायच्या, की तुझ्या रजिस्टरात मेलेले लिहायला रकाना आहे, बरे झालेले कुठं लिहितोस?

फक्त एक गोष्ट देवकाबाईंनी कोणाला सांगितली नाही. चोवीस कासवं, एकाआड एक दिवस पाळी म्हणजे रोज बारा, आणि लाइनीचे तीन तास. दोन टब मांडले तरी ही भागाकाराची गोष्ट होती आणि बाकी नेहमी देवकाबाईंच्या वाट्याला येई. अकराची दहा मिनिटं आधी पाचवर आली. मग ‘आज बरं वाटतं’ म्हणून पावणेदोनची गेली. डॉ. रीना विचारायच्या, काकू, तुमची वाफ झाली? झाली, असं त्या इतक्या सरळ तोंडानं सांगत की खोटं आहे असं रूपरावांनाही वाटलं नाही. रूपरावांना तर त्या दिवसांत काहीच वाटत नव्हतं. तालुक्याचा कुणी मोठा डॉक्टर येऊन मडक्याचे फोटो काढून गेला होता आणि त्यात त्यांचा हात आला होता.

जानेवारीत एका दिवशी आभाळ भरून आलं. लाइन अकराऐवजी बाराला आली आणि परत कधी जाईल याचा भरवसा नव्हता. देवकाबाई सकाळपासून भिंतीला धरून चालत होत्या. डॉ. रीनांनी मशीन त्यांच्यासमोर ठेवली आणि पहिल्यांदाच आवाज चढवला: आधी तुमची, मग त्यांची.

“सात नंबर पाण्यात गेला हाये,” देवकाबाई म्हणाल्या. “अठरा मिनटं झाली. दोन मिनटं थांबा. थो वर येईन आन मशीन नसन, त मंग त्यानं कोनावर भरवसा ठेवावा?”

सात नंबर वर आला. पाच श्वास घेतले, खाली गेला. देवकाबाईंनी लाल दोऱ्याची नळी काढली, स्वतःची लावली, मास्क तोंडावर धरला. आणि लाइन गेली.

वनखात्याच्या जीपनं त्यांना सेवाग्रामला नेलं. गजेंद्रनं गाडी हाकली आणि रूपराव मागं त्यांना रस्ताभर छातीशी धरून बसले. नऊ दिवस दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की जीव वाचला, पण छातीतली जी जागा गेली ती परत येणार नाही. आचल नागपूरहून आली, आणि आईच्या उशाशी बसून म्हणाली, “माय, कासवापायी मरत होतीस ना तू?”

“कासवापायी नाई वो,” देवकाबाई म्हणाल्या. “लाइनीपायी.”

आचलनं मशीन कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. ते बरोबरच होतं. डॉ. रीनांनी नागपूरच्या सरांकडून दुसरी मशीन मागवली, जी त्यांनी पहिल्याच दिवशी मागवायला हवी होती. तसं त्या स्वतःच बोलून दाखवून रडल्या. स्टुलावर आता रूपराव बसू लागले. रोज येऊन ते बायकोच्या खाटेशी हजेरी देत: चार नंबर आठ मिनिटं, अकरा नंबर तेरा. देवकाबाई डोळे मिटून ऐकत आणि चुकलं तर सुधारत. वरणाबद्दल मात्र रूपराव त्यानंतर कधी बोलले नाहीत. चांगलं झालं तरी नाही.

मार्चात कोर्टाचा हुकूम आला. चोवीस कासवं बोरच्या धरणात सोडायची ठरली. देवकाबाई म्हणाल्या, मी येणार. आचलनं नाही म्हटलं, डॉक्टरांनी नाही म्हटलं, रूपरावांनी त्यांची शाल काढून आणली.

धरणाच्या आतल्या अंगाला पाण्यापर्यंत पायऱ्या आहेत. जंगलमजुरांनी ताडपत्रीच्या झोळीत कासवं चार खेपांना खाली नेली. देवकाबाईंना कोणी हात देऊ केला तर तो त्यांनी झिडकारला आणि एकेका पायरीवर टेकत स्वतःच्या पायांनी उतरल्या. साहेब आले होते, फोटो निघत होते. एकेक कासव पाण्यात जाई, बुडे, आणि थोड्या वेळानं कुठंतरी नाक दिसे. देवकाबाई मोजत होत्या. सात नंबर शेवटी सोडला. त्याच्या पाठीवरचा रंग उडाला होता, पण पाठ ओळखू येत होती. निम्मी जुनी, निम्मी नवी, ठिगळ लावलेल्या गोधडीसारखी.

फोटो संपले. साहेबांची गाडी निघाली. जीपवाल्यानं वरून हॉर्न दिला. रूपराव म्हणाले, चालायचं?

“तेवीस आले,” देवकाबाई म्हणाल्या. “सात नंबर आला नाई अजून.”

रूपरावांनी घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं झाली. बावीस झाली. डॉ. रीना खाली बसल्या. पंचवीस झाली, तेव्हा गजेंद्रनं तोंड फिरवून उगाच झोळी झटकायला घेतली. देवकाबाईंनी पाण्यावरची नजर हलवली नाही. आणि मग खूप लांब, जिथं कोणी बघतही नव्हतं, तिथं चिंचोक्याएवढं काहीतरी वर आलं. फुस्स आवाज तिथून ऐकू येण्यासारखा नव्हता, पण देवकाबाईंनी तो ऐकला असावा, कारण त्यांनी स्वतःचा कोंडलेला श्वास सोडला.

“सव्वीस मिनटं,” त्या म्हणाल्या. “वाढला त्याचा दम.”

आणि उठायला गेल्या तर उठवेना. चार मजुरांनी तीच ताडपत्रीची झोळी अंथरली. आत बसता बसता त्या गजेंद्रला म्हणाल्या, “माह्या पाठीवर नंबर टाकजो रे, नाई त तुहा मुद्देमाल कमी भरन.”

शेवटचा ताळा असा लागला. ट्रकवाला जामिनावर सुटला. गजेंद्रच्या रजिस्टरात बरे झालेल्यांसाठी हातानं आखलेला एक रकाना आला. डॉ. रीनांनी नागपूरला मडक्याबद्दल निबंध वाचला, त्यात ‘एका स्थानिक महिलेच्या सूचनेवरून’ असं वाक्य होतं. त्यांनी नाव घातलं होतं, वरच्या कोणीतरी ते काढलं. रूपरावांना एक मे रोजी प्रशस्तिपत्र मिळालं. चौतीस वर्षांनी आलेलं ते नाव ‘रूपचंद’ असं छापलं होतं. त्यांनी ते दुरुस्त करून मागितलं नाही, घरी आणून खिळ्याला लावलं, आणि देवकाबाई त्याच खिळ्याला मास्क अडकवू लागल्या.

चक्की जागची हललेली नाही. पण पूर्वी ती एका विसाव्यावर होती, आता तीनवर गेली आहे. दळणाचा डबा रूपराव घेतात. रस्त्यानं माणसं जात-येत असतात, कोणी थांबून विचारू नये म्हणून दोघं रमतगमत चालल्यासारखी चालतात, आणि तिन्ही विसाव्यांपाशी रूपरावांच्या चपलेचा पट्टा नेमका निसटतो.